चपला बाहेर काढायची खोली आणि धुळीतलं कॅबिनेट

आजचा विषय ऐकून काहींना प्रश्न पडला असेल, की इतिहासाच्या व्याख्यानात संगणकाचा पत्र्याचा डबा कशाला? डबा म्हणजे बाजारात आपण ज्याला कॅबिनेट म्हणतो तो. इंग्रजी पुस्तकांत त्याला 'केस' म्हणतात, पण आपल्याकडे दुकानात जाऊन 'केस दाखवा' म्हटलं, तर दुकानदार मोबाइलचं कव्हर काढून ठेवेल. तेव्हा आपण कॅबिनेटच म्हणू.

प्रश्न साधा आहे. घुग्घुसमध्ये कोणी सेवा केंद्र चालवतो, कोणी डीटीपीचं काम करतो, कोणाची मुलगी अभियांत्रिकीला आहे आणि तिला घरी एक बरा संगणक जोडून हवा आहे. प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांचे पैसे मोजून झाले की शेवटी कॅबिनेटसाठी तीन-चार हजार उरतात. त्या पैशांत मिड-टॉवर घ्यायचं आहे, आणि महागड्या कॅबिनेटमध्ये असतात त्या सोयीही हव्या आहेत. मग कोणत्या सोयी धरायच्या आणि कोणत्या सोडायच्या? यादी वाचून याचं उत्तर मिळत नाही, कारण दुकानातल्या यादीत सगळ्याच सोयी सारख्या टाईपात छापलेल्या असतात. कोणती सोय कशासाठी जन्माला आली, हे पाहिलं तर मात्र उत्तर बरंच सोपं होतं. म्हणून हा इतिहास.

सुरुवात डब्यापासून नाही, खोलीपासून करू या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफरॅक हा संगणक सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. अशा यंत्राला डबा कसला घालणार? त्याचा डबा म्हणजे ती खोलीच. थंड केलेली, बंद केलेली, ठरावीक माणसांनाच प्रवेश असलेली. पुढे यंत्रं लहान झाली, तरी आपल्याकडे खोलीची ही सवय तीसेक वर्षं टिकली. तुमच्यापैकी ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात शाळेत, बँकेत किंवा खाणीच्या कार्यालयात संगणक पाहिला, त्यांना आठवत असेल: दाराशी चपला काढायच्या, आत गालिचा, खिडक्या बंद, इमारतीतलं एकमेव वातानुकूलन यंत्र तिथं, आणि काम झालं की मॉनिटरवर, कीबोर्डवर, कॅबिनेटवर प्लॅस्टिकचं आवरण. पुढे काही वर्षांनी आपण याला हसलो. 'संगणकात व्हायरस येतो म्हणून चपला काढायला लावायचे' असा विनोद आजही चालतो. पण त्या सवयीत हसण्यासारखं फार काही नव्हतं. धूळ बाहेर राहावी आणि हवा थंड राहावी, ही दोन कामं तेव्हा खोली करत होती. कॅबिनेटवर त्यांची जबाबदारी नव्हतीच.

आणि कॅबिनेटही तसंच घडलं होतं. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. टेबलावर आडवा ठेवायचा डबा, त्यावर मॉनिटर. आतला वीजपुरवठा जेमतेम ६३.५ वॅटचा. प्रोसेसरवर पंखा सोडाच, साधा हीटसिंकसुद्धा नव्हता, कारण त्याची गरज नव्हती. वीजपुरवठ्याच्या डब्यात एक पंखा होता, तो आतली गरम हवा बाहेर फेकायचा. बाहेरून हवा येणार कुठून? जिथं फट असेल तिथून. अमेरिकेतल्या कार्यालयात, गालिच्यावरच्या टेबलावर, हे पुरेसं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा: हवा फक्त बाहेर फेकायची आणि आत येणाऱ्या हवेचा विचार करायचा नाही, ही पद्धत त्या कार्यालयात जन्मली आणि पुढे कैक वर्षं आपल्याबरोबर राहिली.

डबा उभा झाला तो मुख्यतः जागेसाठी. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ मालिकेतली ६० आणि ८० ही मॉडेलं सरळ जमिनीवर उभी करायची म्हणूनच बनवली. मग सगळ्यांनीच टॉवर काढले, आणि उंचीवरून मिनी, मिड, फुल अशी नावं पडली. 'मिड-टॉवर' हे कुठल्या प्रमाणसंस्थेने ठरवलेलं माप नाही, बाजारातलं नाव आहे. साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर उंच आणि पूर्ण आकाराचा मदरबोर्ड बसेल असा, एवढाच त्याचा अर्थ.

हा 'पूर्ण आकार' मात्र ठरलेला आहे. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे प्रमाण जाहीर केलं. बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं ठरलेली, मागची खिडकी ठरलेली. त्यामुळे एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या डब्यात बसू लागला, आणि आज तीस वर्षांनीही बसतो. कॅबिनेट ही संगणकातली बहुधा सगळ्यात दीर्घायुषी वस्तू आहे, ती यामुळे. प्रोसेसर चार-पाच वर्षांत जुना होतो, चांगला डबा दोन-तीन मदरबोर्ड पचवतो. 'डब्यावर कशाला पैसे घालवायचे' असं जे म्हणतात, त्यांनी हा हिशेब करून पाहावा.

एटीएक्सच्या मूळ मसुद्यात आपल्या कामाची एक गोष्ट होती, आणि ती सहसा सांगितली जात नाही. त्यात वीजपुरवठ्याचा पंखा उलटा बसवायचा होता. म्हणजे हवा बाहेर फेकायची नाही, बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडायची. हवा जोरानं आत भरली की डब्यात दाब किंचित वाढतो आणि सगळ्या फटींतून हवा बाहेर जाते, त्यामुळे फटींतून धूळ आत यायला वाव राहत नाही. आत यायचा मार्ग एकच, म्हणजे गाळणीही एकच लावली की झालं. कल्पना चांगली होती. पण प्रोसेसर तापू लागले होते, आणि वीजपुरवठ्यातून येणारी हवा आधीच गरम झालेली. तापलेल्याला गरम हवेचा वारा घालण्यात अर्थ नव्हता. दोनेक वर्षांत प्रमाण बदललं आणि पंखा पुन्हा बाहेर फेकू लागला. उष्णता आणि धूळ यांत उष्णता जिंकली. सिलिकॉन व्हॅलीत बसून पाहिलं तर निर्णय बरोबरच होता. घुग्घुसचं कोणी त्या बैठकीत असतं, तर त्यानं निदान हात वर केला असता!

आता आपल्याकडे येऊ. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने नवं संगणक धोरण जाहीर केलं आणि सुट्या भागांची वाट मोकळी झाली. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत १९९७ मध्ये सामील झाला आणि संगणकाच्या भागांवरची जकात टप्प्याटप्प्यानं उतरत गेली. दिल्लीचं नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथून भाग निघायचे, नागपूरमार्गे आपल्याकडे पोचायचे, आणि गल्लीतला एखादा पोरगा ते जोडून द्यायचा. त्याला 'असेम्बल्ड' म्हणायचं. २००१ नंतर एमएस-सीआयटीची केंद्रं निघाली आणि गावोगाव एका खोलीत दहा-दहा संगणक बसले. या खोलीला गालिचा नव्हता. खिडक्या उघड्या, दार रस्त्यावर, वीज गेली तर पंखाही बंद. म्हणजे खोलीनं आपलं जुनं काम सोडून दिलं. ते काम आता कॅबिनेटनं करायला हवं होतं, पण कॅबिनेट कार्यालयासाठी घडवलेलंच राहिलं. त्या काळातलं आपलं नेहमीचं कॅबिनेट आठवा: पातळ पत्रा, पुढे प्लॅस्टिकचा मुखवटा, त्यामागे पंख्याची जागा रिकामी, बाजूला नुसती भोकं, आणि आत फुकट मिळालेला एसएमपीएस.

आणि हे कॅबिनेट कुठं ठेवलं गेलं? वर्धा नदीच्या काठावरचं आपलं गाव. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, आता सभोवती वेकोलिच्या उघड्या खाणी. शेजारी सिमेंटचा कारखाना, स्पंज आयर्नचा कारखाना, आणि दिवसरात्र कोळशाचे ट्रक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला. त्यात चंद्रपूर क्षेत्राला १०० पैकी ८३.८८ गुण होते, देशात चौथा क्रमांक, आणि त्या क्षेत्रात चंद्रपूर, ताडाळी, बल्लारपूर यांच्याबरोबर घुग्घुसही होतं. आकडा ऐकून नवल वाटायचं कारण नाही. सकाळी पुसलेला ओटा दुपारी बोटाला काळा लागतो, हे इथल्या कुठल्याही घरात कळतं.

धूळ म्हणजे नुसती माती असती, तर तेवढं बिघडलं नसतं. कोळशाची भुकटी हलकी आणि चिकट, ती हीटसिंकच्या पात्यांमध्ये जाऊन बसते आणि पांघरुणासारखी उष्णता अडवते. सिमेंटची धूळ ओल धरते. त्यात विदर्भाचा उन्हाळा, आणि उन्हाळ्याला उत्तर म्हणून आपला कूलर. कूलरची दमट हवा कॅबिनेटवर आली की पात्यांवरच्या भुकटीचा लेप होतो. तो ब्लोअरनं उडत नाही, ब्रशनं खरवडावा लागतो.

या परिस्थितीत २००४ साल उजाडलं. इंटेलच्या पेंटियम ४ ची 'प्रेस्कॉट' ही पिढी आली, तिची उष्णता शंभर वॅटच्या पुढे गेली. अशा तापणाऱ्या प्रोसेसरसाठी इंटेलनं कॅबिनेट बनवणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली होती. बाहेरची हवा ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्याशी पोचणारी हवा ३८ अंशांच्या वर जाता कामा नये, असं त्यात होतं. त्यासाठी बाजूच्या पत्र्याला भोकं आणि त्यामागे एक प्लॅस्टिकची नळी, थेट प्रोसेसरवर. ही नळी तुम्ही पाहिली असेल, स्वस्तातल्या स्वस्त कॅबिनेटमध्येही ती यायची. आता ३५ अंश हा आकडा बघा. मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ ओलांडतो. बंद खोलीतही दुपारी ३५ ही गारवा वाटावा अशी गोष्ट. म्हणजे ज्या परीक्षेत डबा पास झाला, ती परीक्षा इथं लागूच नव्हती. वर त्या नळीला जाळी नव्हती. कारखानदारानं फार विचार करून धुळीला प्रोसेसरपर्यंत सरळ रस्ता करून दिला, असंच म्हणायला हवं.

याच सुमारास महागड्या कॅबिनेटचं जग वेगळ्या दिशेनं निघालं होतं. २००५ मध्ये अँटेकचं पी१८० आलं. त्यात वीजपुरवठा वरून काढून तळाशी, वेगळ्या कप्प्यात बसवला. हेतू आवाज कमी करण्याचा होता, पण एक मोठी गोष्ट साधली: वीजपुरवठा स्वतःची हवा खालून घेऊ लागला आणि त्या वाटेवर गाळणी लावणं सोपं झालं. २००८-०९ च्या सुमारास तैवानच्या सिल्व्हरस्टोन कंपनीनं एटीएक्सच्या मूळ मसुद्यातली ती जुनी कल्पना पुन्हा उचलली. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त, आणि आत येणाऱ्या वाटेवर जाळी. २००९ मध्ये कोर्सेअरचं ८००डी सुमारे ३०० डॉलरला निघालं, त्यात वायरी मदरबोर्डच्या पाठीमागून नेण्याची ऐसपैस सोय होती. २०१४ मध्ये एनझेडएक्सटीनं एच४४० मध्ये सीडी ड्राइव्हची जागाच काढून टाकली आणि वीजपुरवठ्यावर पत्र्याचं झाकण घातलं. त्यानंतर बाजूला काच आली, आतमध्ये रंगीत दिवे आले.

मग ही सगळी सामग्री खाली उतरू लागली. आज अँट ईस्पोर्ट्स, डीपकूल, झेब्रॉनिक्स अशा नावांच्या तीन ते पाच हजारांच्या मिड-टॉवरमध्ये तळाशी वीजपुरवठा, वर झाकण, पाठीमागून वायरी, काच, दिवे, तीन-चार पंखे, सगळं मिळतं. तीनशे डॉलरची वस्तू पन्नासात आली, आपण खूश व्हायला हवं. झालोही. पण कोणती सोय किती पूर्ण उतरली, हे पाहा. काच पूर्ण उतरली. दिवे तर वाजवीपेक्षा जास्त उतरले. जे दुकानात आणि फोटोत दिसतं, ते आधी आलं. पत्र्याची जाडी उतरली नाही, पंख्याची बेअरिंग उतरली नाही, आणि गाळणी बऱ्याच ठिकाणी नावापुरती आली: वरच्या जाळीवर एक चुंबकी पट्टी, पुढे काहीच नाही. मधली काही वर्षं तर पुढची बाजूही बंद काचेची करायची फॅशन होती, हवा बाजूच्या बोटभर फटीतून ओढायची. २०१९-२० मध्ये फँटेक्स, कोर्सेअर यांनी पुन्हा पुढे बारीक जाळी दिली, तेव्हा लोकांना ती नवी सोय वाटली!

तेव्हा निवड करताना आपण पहिलं काय पाहायचं, तर पुढची बाजू. काच नको, जाळी हवी. आणि त्या जाळीमागे वेगळी, हातानं निघणारी, नळाखाली धुता येणारी गाळणी हवी. किंवा जाळीच इतकी बारीक हवी की तीच गाळणीचं काम करेल, आणि पुढचा मुखवटा स्क्रू न काढता ओढून निघायला हवा. दुकानात तो स्वतः काढून पाहा. दुकानदार नको म्हणेल, तरी पाहा. घुग्घुसमध्ये ही गाळणी महिन्याला नाही, आठवड्याला धुवावी लागते, आणि जी काढायला पाच मिनिटं लागतात ती कोणीही आठवड्याला धूत नाही. सहा महिन्यांनी ती धुळीनं बंद होते आणि मग ती नसती तर बरं, अशी वेळ येते.

दुसरं, पंख्यांचा हिशेब. पुढे दोन किंवा तीन पंखे आत ओढणारे, मागे एकच बाहेर फेकणारा. स्वस्त कॅबिनेटमध्ये बरेचदा उलट असतं, किंवा वरच्या बाजूचे दोन पंखेही बाहेर फेकणारे असतात, कारण दिवे वर छान दिसतात. मग डबा हवा ओढायला लागतो आणि ती प्रत्येक फटीतून, यूएसबीच्या खाचेतूनसुद्धा येते. वरचे पंखे काढा, पुढे लावा. १२० मिलिमीटरचे पंखे सगळीकडे सारखेच बसतात, त्याला खर्च नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी: नायलॉनच्या जाळीची भोकं माणसाच्या केसापेक्षा मोठी असतात. अगदी बारीक धूळ त्यातून जाणारच. जाळी अडवते ती जाडी भुकटी, तंतू, केस. चपला काढायच्या खोलीची बरोबरी तिला होणार नाही, पण वर्षातून सहा वेळा उघडून साफ करायचं कॅबिनेट दोनदा उघडून भागतं. सेवा केंद्रवाल्याला याची किंमत कळते. शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत, दाखल्यांसाठी दारात रांग लागलेली असताना संगणक तापून बंद पडला, तर तो दिवस त्याचाही जातो आणि रांगेतल्या पोरांचाही.

पत्र्याबद्दल थोडक्यात. झाकण काढून दोन कोपऱ्यांत धरा आणि हलकेच पिळा. पापडासारखं वाकलं तर ते पंख्याबरोबर खडखडणार. बाजूला काच असलीच तर असू द्या, हल्ली तिच्याशिवाय मिळणं कठीण झालंय. फक्त बिजागरीची किंवा चार बोटस्क्रूंची आहे, एवढं पाहा.

कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फुकट मिळत असेल, तर तो सोडा. त्यावर ४५० वॅट छापलेलं असतं, त्या आकड्यावर कोणी भरवसा ठेवू नये. त्याशिवायचं कॅबिनेट घ्या आणि वीजपुरवठा वेगळा, नावाजलेला घ्या. आणि घरातल्या अर्थिंगची तार तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, त्याला अनेकजण डब्याचा दोष समजतात. तो दोष बहुतेक वेळा भिंतीतल्या तिसऱ्या भोकात असतो. वीजपुरवठ्यातली गाळणारी सर्किटं अर्थिंगच्या भरवशावर बनवलेली असतात. ते नसेल तर थोडी वीज पत्र्यावर येऊन बसते.

ठेवायचं कुठं? जमिनीवर नाही. तळाशी वीजपुरवठा असलेलं कॅबिनेट जमिनीवरची हवा ओढतं, आणि आपल्याकडे जमिनीवरची हवा म्हणजे काय, ते सांगायला नको. वीतभर उंच लाकडी पाट पुरतो. कूलरच्या थेट झोतातही नाही. कूलरनं खोली गार होऊ द्या, कॅबिनेट बाजूला.

ज्यांच्याकडे नळीवालं जुनं कॅबिनेट अजून आहे, त्यांनी ते फेकायची घाई करू नये. नळी काढा, बाजूच्या भोकांवर आतून जाड पुठ्ठा लावा, पुढच्या रिकाम्या जागेत एक पंखा बसवा आणि त्याच्यापुढे खिडकीला लावतात ती मच्छरदाणीची बारीक जाळी. आतला बोर्ड एटीएक्स असेल तर भोकं जुळतील, १९९५ चीच आहेत ती. खर्च पाचशेच्या आत बसतो.

प्रश्न असतील तर आता घेऊ.